टर्फवरचा खेळ, फुटसाल आणि अमेरिकेतला इनडोअर सॉकर: तिन्ही एकच का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि वर्षभर घराजवळच्या टर्फवर, म्हणजे जाळीने वेढलेल्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर, संध्याकाळच्या बॅचला जातो. बोर्डावर ‘फुटसाल’ असं लिहिलंय, पण यूट्यूबवर फुटसाल बघितलं तर तिथे लाकडी फ्लोअर, लहानसा बॉल, जाळी नाही की भिंत नाही. त्यात न्यू जर्सीतला तुमचा धाकटा भाऊ म्हणतो की त्यांच्याकडे इनडोअर सॉकर भिंतीवर बॉल आपटून खेळतात आणि तोच मूळ खेळ. मग हा खेळ मुळात कुठला, जगभर एवढा कसा पसरला, आणि आपला मुलगा शिकतोय ते खरं फुटसाल आहे का?

मी पुण्यात गेली १८ वर्षं शाळेतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं फुटसाल. तुमचा प्रश्न मला दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक विचारतातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खरं की खोटं, असं एका शब्दात सांगितलं तर मुलाच्या सरांवर अन्याय होईल आणि तुमच्या हातातही काही लागणार नाही. छपराखालच्या फुटबॉलची दोन वेगवेगळी घराणी आहेत. दोन्ही एकाच अडचणीतून जन्माला आली, पण दोघांनी तोडगा वेगळा काढला. ती अडचण समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

अडचण मी स्वतः अनुभवलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जुलैत शाळेच्या मैदानाचा पार चिखल झाला आणि मोठ्या बाईंनी आम्हाला पत्र्याच्या शेडखालचं बास्केटबॉल कोर्ट दिलं. आम्ही आपले पाच नंबरचे, म्हणजे मोठ्या मैदानावरचे, बॉल घेऊन गेलो. पहिल्या दहा मिनिटांत बॉल चार वेळा पत्र्याला लागला, दोनदा शेजारच्या सोसायटीत गेला, आणि वरच्या वर्गातून शिपाईकाका ‘आवाज कमी करा’ असा निरोप घेऊन आले. मुली बॉलच्या मागे नुसत्या धावत होत्या. आठवडाभराने पंपाची पिन तुटली आणि अर्धवट हवेच्या मऊ पडलेल्या बॉलवर प्रॅक्टिस घ्यायची वेळ आली. त्या दिवशी पहिल्यांदा मुली बॉल पायाशी ठेवून खेळल्या. एकीने तर धावत आलेला बॉल सरळ तळव्याखाली दाबून थांबवला आणि मान वर करून कुणाला द्यायचा ते बघितलं. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. पिन दुरुस्त झाल्यावरही पावसाळाभर मी बॉलमधली हवा मुद्दाम कमी ठेवली.

छपराखाली बॉल उसळला की जागा संपते, एवढीच ती अडचण. त्यावर एका घराण्याने बॉलची उसळीच कमी केली आणि दुसऱ्याने चारी बाजूंनी भिंत उभी केली.

पहिलं घराणं उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरातलं. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं सुवर्णपदक उरुग्वेने जिंकलं होतं. १९३० चा पहिला विश्वचषक त्यांच्याच राजधानीत झाला आणि ३० जुलैला अंतिम सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाला ४-२ असं हरवलं. गावात दुसरा विषय नसणार, पोरांच्या पायाला फुटबॉलशिवाय काही सुचत नसणार. आणि जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. तिथल्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत हुआन कार्लोस सेरियानी नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. हॉलमधल्या बास्केटबॉल कोर्टावर मुलं फुटबॉल खेळू बघायची. इतर शिक्षकांनी बहुधा रागावून बॉल काढून घेतला असता. सेरियानींनी त्या कोर्टात बसेल असा फुटबॉल तयार केला.

इथे वायएमसीए या संस्थेबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. बास्केटबॉल १८९१ मध्ये आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये अमेरिकेत याच संस्थेच्या शिक्षकांनी शोधले, तेही हॉलच्या आत काय खेळायचं या गरजेतून. सेरियानी त्याच परंपरेतले. त्यांनी नवं कमी शोधलं आणि जुळवलं जास्त: एका बाजूला पाच खेळाडू आणि ४० मिनिटांचा खेळ बास्केटबॉलमधून, छोटा गोल हँडबॉलमधून, गोलकीपरचे नियम बरेचसे वॉटरपोलोमधून. आजही फुटसालचा गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असतो, म्हणजे हँडबॉलएवढाच. आणि आंतरराष्ट्रीय कोर्टाचं माप, लांबी ३८ ते ४२ मीटर आणि रुंदी २० ते २५ मीटर, यात हँडबॉलचं ४० बाय २० मीटरचं कोर्ट अगदी व्यवस्थित बसतं.

पण माझ्या दृष्टीने या खेळाचा प्राण बॉलमध्ये आहे. दक्षिण अमेरिकेत सुरुवातीच्या काळात बॉलच्या आत लाकडाचा भुसा, बुचाचे तुकडे, घोड्याचे केस असं काहीबाही भरायचे, जेणेकरून तो जड होईल आणि उसळणार नाही. ब्राझीलमध्ये या खेळाला ‘जड बॉलचा खेळ’ म्हणायची पद्धत पडली ती त्यातूनच. आजचा फुटसालचा बॉल चार नंबरचा असतो, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. नियमच असा आहे की दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच यायला हवी. म्हणजे साधारण तुमच्या गुडघ्यापर्यंत किंवा थोडी वर. नेहमीचा फुटबॉल तेवढ्याच उंचीवरून सोडला तर मीटरभराच्या वर येतो. हे घरी करून बघण्यासारखं आहे, आणि तुमच्या मुलाचे सर कोणता बॉल वापरतात ते दोन मिनिटांत कळतं.

वायएमसीएच्या शाखांमधून हा खेळ दक्षिण अमेरिकेत पसरला आणि ब्राझीलने तर तो दत्तकच घेतला. काही ब्राझिलियन आजही सांगतात की खेळ मुळात साओ पाउलोच्या वायएमसीएत सुरू झाला. नियमांची घडी नीट बसवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे हे खरं, पण जन्माचा मान मी माँटेव्हिडिओलाच देते. रिओमध्ये १९५४ साली पहिली संघटना निघाली. पोर्तुगीजमध्ये ‘फुटेबोल दि सालाँव’, स्पॅनिशमध्ये ‘फुटबोल दे सालोन’, म्हणजे हॉलमधला फुटबॉल. ‘फुटसाल’ हा शब्द या नावांचाच संक्षेप.

१९७१ मध्ये साओ पाउलोत ‘फिफुसा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जोआओ हावेलांज, जे पुढे फिफाचे, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचे, अध्यक्ष झाले. फिफुसाने १९८२ मध्ये साओ पाउलोत पहिली जागतिक स्पर्धा भरवली, ती ब्राझीलने जिंकली. त्यानंतर फिफाचं लक्ष या खेळाकडे गेलं. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये फिफाची पहिली फुटसाल जागतिक स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात ब्राझीलने यजमानांना २-१ असं हरवलं. जुन्या नियमांना धरून असलेल्या मंडळींनी वेगळी संघटना चालू ठेवली. त्यांच्या खेळात बाजूच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हाताने आत टाकतात, फिफाच्या खेळात पायाने. कोलंबियात जुना प्रकार अजून मोठ्या प्रेमाने खेळला जातो. कोण बरोबर या भांडणात मी पडत नाही. आपल्याकडे स्पर्धा फिफाच्या नियमांनी होतात, तेव्हा मुलाने ते शिकावेत.

आता दुसरं घराणं, तुमच्या भावाचं. उत्तर अमेरिकेत थंडीच्या शहरांमध्ये आइस हॉकीची मोठमोठी स्टेडियम आधीच उभी होती. साधारण २०० फूट बाय ८५ फुटांची रिंक, भोवती कमरेच्या वर येणाऱ्या फळ्यांचा कठडा, त्यावर काच. १९७४ च्या फेब्रुवारीत मॉस्कोचा रेड आर्मी संघ दौऱ्यावर आला असताना फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रम या हॉकी स्टेडियममध्ये इनडोअर सामना झाला आणि लोकांनी मोठी गर्दी केली. तो खेळ बघून काही जणांच्या डोक्यात व्यवसाय शिरला, आणि १९७८ च्या डिसेंबरमध्ये मेजर इनडोअर सॉकर लीग सुरू झाली. बर्फाच्या जागी कृत्रिम हिरवळीचा गालिचा, गोल थेट कठड्यात बसवलेला, गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण, आणि बॉल कठड्याला लागला तरी खेळ चालूच. चूक केली की हॉकीसारखं दोन मिनिटं बाहेर बसायचं. गोल भरपूर व्हायचे, वेग भन्नाट होता. पहिली चार विजेतेपदं न्यूयॉर्क ॲरोजने जिंकली, पुढे सॅन डिएगो सॉकर्सचा दबदबा राहिला. १९९२ मध्ये ती लीग बंद पडली, पण खेळ राहिला. मेक्सिकोत याच धाटणीच्या खेळाला ‘फुटबोल रापिदो’, म्हणजे वेगवान फुटबॉल म्हणतात.

तेव्हा तुमच्या भावाचं निम्मं बरोबर आहे. तो सांगतोय तो खेळ खरा आहे, त्याचाही इतिहास आहे. पण तो मूळ खेळ नाही, माँटेव्हिडिओनंतर ४० हून जास्त वर्षांनी आलेला वेगळा खेळ आहे.

युरोपातही भिंतवाल्या घराण्याच्या शाखा आहेत. जर्मनीत हिवाळ्यात बुंडेसलिगा या मुख्य फुटबॉल लीगला सुट्टी असते, तेव्हा क्लब हॉलमध्ये फळ्या लावून खेळायचे. १९८८ ते २००१ या काळात तिथल्या फुटबॉल महासंघाने त्याची अधिकृत स्पर्धाच चालवली. या सवयीमुळे जर्मनी फुटसालकडे फार उशिरा वळली, त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटसाल सामना २०१६ मधला. ब्रिटनमध्ये फाइव्ह-अ-साइडची, म्हणजे एका बाजूला पाच जणांच्या खेळाची परंपरा. भोवती फळ्या किंवा जाळी, बॉल डोक्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात गोलकीपरशिवाय कुणी जायचं नाही. ऑफिस सुटल्यावर तासभर जागा घ्यायची, खेळायचं आणि घरी जायचं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या पुण्या-मुंबईतल्या टर्फचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच.

जगभर कोण पसरलं याचं उत्तर मला या फरकातच दिसतं. भिंतवाल्या खेळाला खास बांधकाम लागतं. फुटसालला फक्त एक बास्केटबॉल किंवा हँडबॉल कोर्ट, दोन छोटे गोल आणि एक मेलेला, म्हणजे कमी उसळणारा, बॉल लागतो. कोर्ट शाळेत आधीपासून असतं. देश थंड असो, पावसाळी असो, की उन्हाने भाजणारा, छपराखालची सपाट जमीन सगळीकडे मिळते. म्हणून या खेळाचा नकाशा मोठ्या फुटबॉलच्या नकाशापेक्षा वेगळा दिसतो. ब्राझीलने सहा विश्वचषक जिंकले, शेवटचा २०२४ मध्ये उझबेकिस्तानात. स्पेनने २००० आणि २००४ चे, अर्जेंटिनाने २०१६ चा, पोर्तुगालने २०२१ चा. ही नावं अपेक्षितच. पण कझाकस्तानच्या कैरात क्लबने २०१३ आणि २०१५ मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवलं. सॉलोमन बेटांच्या संघाने २००८ मध्ये रशियाकडून ३१-२ असा मार खाल्ला आणि पुढच्याच विश्वचषकात ग्वाटेमालाला ४-३ असं हरवलं. ३१ गोल खाऊन परत उभ्या राहिलेल्या त्या संघाची गोष्ट मी माझ्या प्रत्येक नव्या बॅचला सांगते.

माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा देश मात्र इराण. आशियाई स्पर्धा १९९९ पासून चालू आहे आणि त्यात इराणची सत्ता जवळजवळ अखंड आहे, मधूनच जपान ती मोडतं. याचं मूळ गल्लीत आहे. तेहरानच्या गल्ल्यांमध्ये मुलं ‘गोल कुचिक’ खेळतात, म्हणजे छोटा गोल. प्लॅस्टिकचा स्वस्त हलका बॉल वाऱ्याने उडतो आणि नको तेवढा उसळतो, म्हणून ती मुलं एक बॉल चिरून दुसऱ्या बॉलवर चढवतात. दुहेरी कातडीचा तो बॉल जड होतो, जमिनीला धरून राहतो. भुसा भरलेला ब्राझीलचा बॉल, इराणच्या पोरांचा दुहेरी बॉल आणि माझ्या मुलींचा हवा गेलेला बॉल, तिन्ही ठिकाणी एकच अक्कल चालली आहे. २०१६ च्या विश्वचषकात इराणने ब्राझीलला पेनल्टीवर हरवलं. ब्राझीलच्या फाल्काओचा तो शेवटचा विश्वचषक सामना. विश्वचषकांत ४८ गोल करणारा, या खेळातला मी पाहिलेला सगळ्यात मोठा खेळाडू. सामना संपल्यावर इराणच्या खेळाडूंनी त्यालाच उचलून हवेत झेललं. ती क्लिप शोधून मुलाला जरूर दाखवा.

बायकांचा फिफा फुटसाल विश्वचषक यायला २०२५ साल उजाडावं लागलं, तो फिलिपिन्समध्ये झाला. माझ्या मुलींसाठी ही बातमी मी नोटीस बोर्डावर लावली होती. २०१८ च्या ब्यूनस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये अकरा जणांच्या फुटबॉलऐवजी फुटसालच होतं, मुलांचं आणि मुलींचंही. मोठ्या ऑलिंपिकमध्ये अजून नाही.

भारतात हा खेळ आधी झगमगाटाने आला. २०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल नावाची व्यावसायिक लीग चेन्नई आणि गोव्यात झाली. रोनाल्डिन्हो, गिग्ज, स्कोल्स आणि खुद्द फाल्काओ खेळून गेले, आणि पहिलं विजेतेपद मुंबईच्या संघाने घेतलं. दोन हंगामांत ती थांबली. भारतीय फुटबॉल महासंघाची राष्ट्रीय क्लब स्पर्धा नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि देशाचा पुरुष संघ २०२३ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय फुटसाल खेळला. म्हणजे अधिकृत भारतीय फुटसाल तुमच्या मुलापेक्षाही लहान आहे. बोर्डावरच्या शब्दांचा गोंधळ होतो तो यामुळेही.

आता टर्फ. टर्फभोवती जाळी असते ती फुटबॉलच्या नियमासाठी नाही. शेजारच्यांच्या काचा वाचाव्यात म्हणून असते, आणि त्याच टर्फवर रात्री बॉक्स क्रिकेट चालतं म्हणून असते. मालकाला दोन्ही धंदे सांभाळायचे असतात. त्यात गैर काही नाही. टर्फ नसते तर आमच्या शहरांतली निम्मी मुलं फुटबॉलला मुकली असती. पण जाळी आली की खेळ बदलतो. जाळीला लागलेला बॉल चालू धरला, की जोरात मारलेला चुकीचा पासही परत येतो. मुलाला चुकीची किंमत मोजावी लागत नाही. रेषेच्या फुटसालमध्ये तोच बॉल बाहेर जातो आणि समोरच्याला मिळतो. दुसरं म्हणजे हिरवळ बॉलला धरते. फुटसालचा बॉल टर्फवर टाकला तर तो लोळतच नाही, म्हणून सर चार नंबरचा साधा बॉल वापरत असतील तर त्यांचं बरोबरच आहे.

कठीण फ्लोअर आणि मेलेला बॉल यांमुळे जे शिकायला मिळतं ते असं: बॉल तळव्याने थांबवणं, तळव्यानेच बाजूला सरकवणं, बुटाच्या टोकाने झटकन मारणं, आणि बॉल यायच्या आधीच आजूबाजूला बघून ठेवणं. नियमही तशीच घाई करतात. बाहेर गेलेला बॉल चार सेकंदांत आत टाकायचा. रेफरी हात वर करून बोटांनी मोजत असतो: एक, दोन, तीन, चार, आणि बॉल समोरच्या संघाला. माझ्याकडे नव्याने येणारं मूल त्या बोटांकडे बघत बसतं आणि वेळ घालवतं. तीन-चार आठवड्यांत ते बोटांकडे बघायचं सोडून मित्राकडे बघायला लागतं. एका हाफमध्ये पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला १० मीटरवरून सरळ किक मिळते, मध्ये भिंत उभी करता येत नाही. त्यामुळे धक्काबुक्की करून बचाव करणाऱ्या मुलाला पायाने बचाव शिकावाच लागतो. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून बेंचवर दिवसभर बसून राहणारं पोर या खेळात कमी दिसतं. मला ही गोष्ट फार आवडते.

पेले, झिको, रोनाल्डिन्हो, नेमार लहानपणी फुटसाल खेळले, ही यादी तुम्हाला प्रत्येक अकॅडमीच्या पत्रकावर दिसेल. ती खरी आहे, पण तिच्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नका. ब्राझीलमध्ये फुटसाल न खेळलेलं मूल शोधून काढावं लागेल. तीच मुलं पुढे दुकानदार, शिक्षक, ड्रायव्हरही होतात. बंद जागेत पाय चपळ होतात आणि निर्णय पटकन घ्यायची सवय लागते, हे मी माझ्या मुलांत वर्षानुवर्षं पाहिलंय. पण लांब पास, हेडिंग, ऑफसाइडची समज, मोठ्या मैदानावरची धाव या गोष्टी इथे येत नाहीत. त्यासाठी अकरा जणांचं मैदान लागतंच.

तुमच्या मुलाचं काय करावं हे तुमच्या आसपास काय आहे त्यावर अवलंबून आहे. आनंदाने जातोय, मित्र आहेत, घाम गाळतोय, तर टर्फ बंद करू नका. सरांना एवढंच विचारा की आठवड्यातल्या एका दिवशी जाळीला लागलेला बॉल बाहेर धरून खेळ घेता येईल का. एका नियमाने अर्धं फुटसाल टर्फवर येतं. मी एका टर्फवर उन्हाळी शिबिरात असंच करते, पांढऱ्या पट्टीने रेषा आखून. शक्य असेल तर महिन्यातून दोन-तीनदा शाळेच्या किंवा सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टावर खऱ्या फुटसालच्या बॉलने खेळवा. उघड्या सिमेंटच्या कोर्टावर चालतं, फक्त पडलं की गुडघे सोलतात आणि बॉल लवकर झिजतो, म्हणून तिथे जुना बॉल वापरा. ओल्या सिमेंटवर मात्र अजिबात नको. मी ती चूक एकदा केली आणि एका मुलाचं मनगट दुखावलं, तेव्हापासून फरशी हाताने चाचपून बघितल्याशिवाय शिट्टी वाजवत नाही. मूल उंच वाढायच्या वयात असेल आणि टाच किंवा गुडघा दुखतोय म्हणत असेल, तर कठीण फ्लोअरचे दिवस कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

फुटसालचा बॉल घेताना त्यावर ‘फुटसाल’ लिहिलेलं आहे का हे बघा, आणि नंबर चारच घ्या. दुकानदार चार नंबरचा साधा फुटबॉल हातात देतात, आकार सारखा असल्याने फसायला होतं. दुकानातच हात वर करून सोडून बघा. बूट टर्फचे छोट्या गोट्यांचे असतील तर ते कोर्टावर घसरतात. कोर्टासाठी सपाट रबरी तळव्याचे घ्या. हॉलमध्ये खेळणार असेल तर तळवा फिकट रंगाचा किंवा फ्लोअरवर डाग न पाडणारा हवा. बॅडमिंटन हॉलचे काका दारातच बूट उलटे करून बघतात, आणि काळा तळवा दिसला की आत सोडत नाहीत.